रोगनाश आणि दुःखशमन : विदर्भांतील कुष्ठसेवेचें एक अवलोकन

वैद्यकाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा औषधांच्या शोधांचाच इतिहास लिहितों. अमुक सालीं अमुक जंतूचा शोध लागला, अमुक सालीं त्यावर गुणकारी औषध सांपडलें, आणि मग तो रोग माणसाच्या वाटेंतून दूर झाला, असा या कथेचा नेहमींचा सांचा आहे. या सांच्यांत एक गोष्ट बसत नाहीं, म्हणून ती सहसा गाळली जाते. औषध सांपडण्यापूर्वींच्या शेंकडों वर्षांतही रोगी होतेच, आणि त्यांच्या उशाशीं कोणी तरी बसतही होतें. तो बसणारा काय करीत होता? त्याच्या हातीं औषध नव्हतें म्हणून त्याचें बसणें व्यर्थ होतें काय?

वैद्याचीं कर्तव्यें दोन आहेत. रोगाचा नाश करणें हें एक, आणि रोग्याचें दुःख हलकें करणें हें दुसरें. हिवतापासारख्या रोगांत हीं दोन्ही कर्तव्यें एकाच औषधानें पार पडतात. कोयनेल पोटांत गेलें, ताप उतरला, हुडहुडी थांबली, आणि रोग्यास वाटलें कीं आपण मोकळे झालों. म्हणून तेथें या दोहोंमधील भेद दिसत नाहीं. परंतु एक रोग असा आहे कीं, ज्याच्या इतिहासांत हीं दोन कर्तव्यें एकमेकांपासून स्पष्टपणें वेगळीं झालेलीं दिसतात. तो रोग म्हणजे महारोग, म्हणजेच कुष्ठ अथवा रक्तपिती. आणि तो भेद जेथें प्रत्यक्ष पाहतां येतो, तो मुलूख आपल्या नागपूरच्या भोंवतींच पसरलेला आहे.

नागपूरच्या नैर्ऋत्येस वर्धा, पश्चिमेस अमरावती, दक्षिणेस वरोरा. सकाळीं नागपुराहून निघालें असतां यांपैकीं कोणतेंही गांव दुपारच्या आंत गांठतां येतें. या तीन गांवांच्या शिवारांत १९३६ ते १९५१ या अवघ्या पंधरा वर्षांत कुष्ठसेवेच्या तीन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. विशेष हें कीं, त्यांतील पहिली निघाली तेव्हां या रोगावर खात्रीचें औषध जगांत कोठेंही नव्हतें. दुसरी निघाली तेव्हां तें परदेशीं नुकतेंच सांपडलें होतें. आणि तिसरी निघाली तेव्हां तें आपल्या देशांत हातीं येऊं लागलें होतें. औषधाविना सेवा, औषधाच्या उंबरठ्यावरील सेवा आणि औषधासह सेवा, अशा तीन अवस्था एकाच प्रदेशांत इतक्या जवळजवळ पाहावयास मिळणें दुर्मिळ होय.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण या रोगाविषयींचे गैरसमज रोगाहून जुने व चिवट आहेत. आपल्या प्राचीन वैद्यकांत ‘कुष्ठ’ हा शब्द फार व्यापक अर्थानें आला आहे. सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें मिळून अठरा प्रकार तेथें सांगितले असून, त्यांत आज ज्यांना आपण साधे त्वचारोग म्हणूं तेही येतात. त्यामुळें जुन्या ग्रंथांत कुष्ठ बरें झाल्याचें वाचलें म्हणजे तो महारोगच होता असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं. ज्या जंतूमुळें हा रोग होतो तो नॉर्वे देशांतील बर्गेन येथें आर्मौअर हान्सेन या वैद्यानें १८७३ सालीं शोधून काढला. हा जंतु अत्यंत मंदगति आहे. शरीरांत शिरल्यानंतर रोगाचें चिन्ह दिसावयास कित्येक वर्षें लागतात, आणि बहुसंख्य माणसांच्या अंगीं त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति उपजतच असते.

हा जंतु मुख्यतः त्वचेवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. मज्जातंतु बिघडले म्हणजे त्या भागाची संवेदना जाते. लोकांस वाटतें कीं या रोगांत बोटें आपोआप झडतात, तसें नाहीं. तापलेल्या तव्याचा चटका हाताला कळत नाहीं, पायांत रुतलेला कांटा कळत नाहीं, रात्रीं उंदरानें बोट कुरतडलें तरी झोंप मोडत नाहीं. जखम होते, ती चिघळते, तिच्याकडे लक्ष जात नाहीं, तिच्यावरच भार देऊन माणूस चालत राहतो, आणि अखेर हाडापर्यंत नासून बोट आंखडत जातें. इतर रोगांत वेदना थांबविणें म्हणजे आराम देणें होय. येथें वेदनेचा अभाव हाच अपाय आहे. जें दुःख माणसाचें रक्षण करतें तेंच येथें हरपलेलें असतें. म्हणून या रोगांत आराम देणें याचा अर्थ निराळा आहे: रोग्याच्या बधिर हातापायांना जें कळत नाहीं, तें त्याच्या डोळ्यांनीं किंवा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनीं रोज पाहणें.

आतां औषधाकडे वळूं. आधुनिक औषधें येण्यापूर्वीं या रोगावर जगभर ज्या एका द्रव्यावर विश्वास ठेवला गेला, तें आपल्याच देशांतील आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत ‘तुवरक’ नांवाच्या वृक्षाचें वर्णन आलें आहे. पश्चिम समुद्राच्या कांठीं हे वृक्ष होतात, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्यानें त्यांचे पल्लव हालत असतात, त्यांचीं फळें पावसाळ्याच्या सुमारास गोळा करून बियांचें तेल काढावें, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. हा तुवरक म्हणजे कोंकण आणि सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारें कडूकवठ होय, असें सामान्यतः मानलें जातें. पूर्वेकडे आसाम-ब्रह्मदेशांत त्याच्याच कुळांतील दुसऱ्या वृक्षाचें तेल ‘चौलमुगरा’ या नांवानें प्रसिद्ध होतें. कलकत्त्याच्या फ्रेडरिक मोअट या डॉक्टरानें १८५४ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि तेथून तें पाश्चात्त्य वैद्यकांत शिरलें. मौज अशी कीं, पुढें जवळजवळ अर्धें शतक युरोपीय वैद्य भलत्याच झाडाला चौलमुगऱ्याचें झाड समजत होते. ही चूक विसाव्या शतकाच्या आरंभीं दुरुस्त झाली.

आपल्याकडे या विषयांत स्मरण केलें पाहिजे तें डॉ. भाऊ दाजी लाड यांचें. गोमंतकांतील मांद्रे येथें जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतून १८५१ सालीं बाहेर पडलेले भाऊ दाजी इतिहाससंशोधक म्हणून अधिक प्रसिद्ध आहेत. परंतु संस्कृत ग्रंथांत वर्णिलेल्या औषधींचे गुण प्रत्यक्ष रोग्यांवर पडताळून पाहण्याचा उद्योगही त्यांनीं चालविला होता, आणि त्यांत कुष्ठाचा अभ्यास प्रमुख होता. जुना ग्रंथ म्हणतो म्हणून खरें नव्हे, आणि जुना आहे म्हणून खोटेंही नव्हे. पाहावें आणि ठरवावें, ही त्यांची दृष्टि होती. १८७४ सालीं ते वारले.

या तेलाचा गुण कितपत? तें इतकें उग्र कीं पोटांत ठरत नसे. रोगी ओकून टाकीत. म्हणून तें टोंचून घालण्याचे उपाय शोधले गेले. हवाई बेटांत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं १९१५-१६ च्या सुमारास त्या तेलापासून टोंचतां येईल असें द्रव्य तयार केलें. कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स आणि त्यांच्यामागून अर्नेस्ट म्यूर यांनीं याच दिशेनें काम केलें. टोंचणी वेदनादायक असे, आणि वर्षानुवर्षें घ्यावी लागे. रोग अगदीं कोंवळा असतां कांहीं रोग्यांचे चट्टे मावळत. पुष्कळांना कांहींच गुण येत नसे. तरीही या तेलानें एक गोष्ट निश्चित साधली. उपाय आहे, एवढ्या आशेवर रोगी आपण होऊन दवाखान्याकडे येऊं लागला. तोंवर त्याला जें कोणी शोधीत येई, तें औषध घेऊन येत नसे. कायदा घेऊन येई.

त्या कायद्याची हकीकत थोडक्यांत अशी. हवाई बेटांतील मोलोकाई येथें कुष्ठरोग्यांची सेवा करतां करतां फादर डेमियन हे स्वतः त्याच रोगानें १८८९ सालीं मरण पावले, आणि इंग्रजी साम्राज्यांत या रोगाची एकच भीति पसरली. त्या भीतींतून हिंदुस्थानांत एक चौकशीमंडळ आलें. त्यानें १८९०-९१ सालीं देशभर हिंडून असा निर्वाळा दिला कीं, हा रोग आनुवंशिक नाहीं आणि त्याचा संसर्गही फार अल्प प्रमाणांत होतो. एवढें स्पष्ट मत हातीं असतांही १८९८ सालीं कायदा झालाच. जो रोगी उघड्यावर भीक मागतो, किंवा ज्याला उपजीविकेचें दृश्य साधन नाहीं, त्याला पोलिसानें धरावें आणि आश्रयगृहांत कोंडावें, अशी त्यांत तरतूद होती. सरकारनें हुकूम काढल्यास रोग्याला सार्वजनिक विहिरीचें पाणी भरतां येऊं नये, खाद्यपेय विकतां येऊं नये, आगगाडीखेरीज भाड्याच्या गाडींत बसतां येऊं नये, अशीही त्यांत सोय होती.

या कायद्याकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. रोग एकच असला तरी ज्याच्या घरीं खावयास आहे त्याला कायदा शिवत नव्हता. जंतु गरीब-श्रीमंत जाणत नाहीं, पण कायदा जाणत होता. याचा अर्थ असा कीं, त्याचा रोख रोगावर नव्हता, रोग्याच्या दर्शनावर होता. डोळ्यांआड झाला म्हणजे झालें. आणि जें सरकारनें गरिबाला केलें, तेंच खात्यापित्या घरांनीं आपल्या माणसाला केलें. वाड्याच्या परसदारची एक खोली, वेगळी थाळी, वेगळें भांडें, आणि बाहेर विचारणाऱ्याला ‘ते तीर्थयात्रेस गेले’ असें उत्तर. हा आश्रय कायद्याच्या आश्रयगृहाहून फारसा निराळा नव्हता. तो कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडलें, आणि जोडीदारास हा रोग आहे एवढ्या कारणावर काडीमोड मागण्याची मुभा विवाहाच्या कायद्यांतून निघावयास २०१९. तोंपर्यंत या रोगावरचें खात्रीचें औषध म्हातारें होत आलें होतें!

या काळांत रोग्याची प्रत्यक्ष काळजी कोणी वाहिली असेल तर ती प्रामुख्यानें ख्रिस्ती मिशनांनीं, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. नागपूर ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्या प्रांतांत छत्तीसगडांतील चांपा येथें १९०२ सालीं मिशनचें कुष्ठालय निघालें. वऱ्हाडांत अचलपूरच्या बाजूस कोठारा येथेंही निघालें. धर्मप्रसाराचा हेतु त्यामागें होता हें खरें. परंतु व्रण धुणारे हात हेही तितकेच खरे होते. आपल्या समाजांतून असे हात पुढें येण्यास मात्र १९३६ साल यावें लागलें.

त्या सालीं विनोबा भावे यांच्या प्रेरणेनें मनोहर दिवाण या तरुण कार्यकर्त्यानें वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठसेवेस आरंभ केला. दिवाण कांहीं वैद्यकाची पदवी घेतलेले नव्हते. खेडोपाडीं हिंडतांना त्यांना दिसलेलें दुःख, आणि तें दिसल्यावर तोंड फिरवितां न येणें, एवढीच त्यांची पात्रता. या संस्थेच्या प्रारंभींच्या वर्षांत देण्यासारखें औषध म्हणजे तेंच तुवरकाचें तेल. बाकी सगळें तें गरम पाणी, स्वच्छ फडकें, वेळेवर अन्न, शेतांतील झेंपेल तेवढें काम, आणि माणसानें माणसाशीं बोलणें.

याच पार्श्वभूमीवर सेवाग्राममधील परचुरे शास्त्र्यांची हकीकत पाहावी. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृताचे गाढे व्यासंगी. येरवड्याच्या तुरुंगांत ते व गांधीजी एकाच काळीं बंदिवान होते. रोग बळावल्यावर सर्वांनीं टाकलेला हा विद्वान १९३९ सालीं सेवाग्रामच्या आश्रमांत येऊन पोहोंचला. गांधीजींनीं त्यांना ठेवून घेतलें, आपल्या कुटीच्या जवळच त्यांच्यासाठीं झोंपडी उभी करविली, आणि वेळ काढून ते स्वतः त्यांचे व्रण पाहूं लागले व अंगाला तेल चोळूं लागले. पुढें शास्त्रीबोवा दत्तपुरास राहावयास गेले, आणि तेथेंच १९४५ सालीं त्यांचें देहावसान झालें.

वैद्यकाच्या हिशेबानें पाहिलें तर या कथेंत यश कांहींच नाहीं. रोग बरा झाला नाहीं, रोगी गेला. परंतु त्या सहा वर्षांत परचुरे शास्त्री पुन्हा शास्त्री झाले होते. आश्रमांतील लोक त्यांच्याजवळ संस्कृत शिकत, त्यांचें म्हणणें ऐकत. रोगानें त्यांची कातडी नेली होती. समाजानें त्यांचें नांव नेलें होतें. पहिलें परत मिळालें नाहीं, दुसरें मिळालें. १९४५ सालीं विधायक कार्यक्रमाची सुधारलेली पुस्तिका निघाली, तींत गांधीजींनीं कुष्ठसेवेला स्वतंत्र कलम दिलें, तें अशा अनुभवांच्या जोरावर.

अमरावतीस डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनीं १९४६ च्या सुमारास ‘तपोवन’ उभारलें. होमिओपाथीचे नामांकित डॉक्टर, चालता धंदा, स्वातंत्र्याच्या चळवळींतील मानाचें स्थान. हें सगळें बाजूस ठेवून त्यांनीं उजाड माळावर रोग्यांची वसाहत वसविली. आणि वरोऱ्यास मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. नागपुरास शिकून वकील झालेला, जमीनदार घरांतला हा तरुण भंगीकाम करीत असतां एका रात्रीं पावसांत पडलेला, किड्यांनीं पोंखरलेला तुळशीराम नांवाचा महारोगी पाहून भीतीनें पळाला. पळाला, ही गोष्ट त्यानें कधीं लपविली नाहीं. तो परत फिरला, त्यानें त्या देहावर आडोसा घातला, त्याला खाऊं घातलें, आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वांचला नाहीं. पण आनंदवनाचा पाया ज्या रोग्याच्या उशाशीं घातला गेला तो बरा न झालेला रोगी होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां औषध येतें. अमेरिकेंत लुइझियानांतील कारव्हिल येथें गाय फॅजे या डॉक्टरानें १९४१ सालीं ‘प्रोमिन’ नांवाचें सल्फोन जातीचें औषध शिरेंतून देऊन पाहिलें, आणि जुनाट व्रण भरून येऊं लागले. पण तें महाग आणि रोज टोंचावें लागणारें. त्याच्याच मुळाशीं असलेलें डॅप्सोन हें द्रव्य अल्प प्रमाणांत दिल्यास पुरतें आणि गोळीनें पोटांत घेतां येतें, हें पुढील कांहीं वर्षांत सिद्ध झालें. त्या कामांत मद्रासजवळील चिंगलपेट येथील रॉबर्ट कॉक्रेन यांचा वांटा मोठा आहे. बाबा आमटे या रोगाचें शिक्षण घेण्यास १९४९ सालीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेंत गेले, तो नेमका या नव्या औषधाच्या उदयाचा काळ होता. १९५१ सालीं चौदा रुपये, एक लंगडी गाय, पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें आणि सहा रोगी एवढ्या भांडवलावर त्यांनीं वरोऱ्याच्या खडकाळ जमिनींत आनंदवन वसविलें.

येथें या इतिहासाचा खरा पेंच सुरू होतो. औषधानें रोगी जंतुमुक्त होऊं लागला, पण घरीं जाईना. म्हणजे घरानें त्याला घेतलें नाहीं. बोटें वांकलेलीं, भुंवया गेलेल्या, नाक बसलेलें. जंतु गेला तरी त्याची सही चेहऱ्यावर राहिलेली. गांवाला सूक्ष्मदर्शकांतलें कांहीं दिसत नाहीं, चेहरा दिसतो. तेव्हां बऱ्या झालेल्या माणसाला काम, घर आणि पत कोठें तरी मिळालीच पाहिजे, म्हणून आनंदवनांत शेती आली, हातमाग आले, सुतारकाम आलें. दान मागणारा हात धान्य पिकवूं लागला. हा एक मार्ग.

त्याच १९५१ सालीं वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालें, आणि डॉ. वारदेकर यांनीं तेथें दुसराच मार्ग आंखला. रोग्यांची वसाहत करूं नये. कार्यकर्त्यानें घरोघर जाऊन पाहणी करावी, कोंवळा चट्टा हुडकावा, घरच्यांना समजून सांगावें, आणि रोग्याला त्याच्याच घरीं ठेवून गोळ्या द्याव्या. पाहणी, शिक्षण, उपचार ही त्यांची त्रिसूत्री पुढें १९५५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठनियंत्रण कार्यक्रमाचा आधार झाली.

या दोन मार्गांत श्रेष्ठ कोणता? वसाहतीवर आक्षेप असा कीं, ती कितीही सुंदर असली तरी गांवाच्या वेशीबाहेरच असते. तिच्यामुळें गांवाला आपला माणूस परत न घेण्याची सोय होते. घरोघरच्या उपचारावर आक्षेप असा कीं, ज्याला घरच उरलें नाहीं त्याला तो काय देणार? आम्हांस वाटतें, हे मार्ग एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. ते दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या रोग्यांसाठीं आहेत. ज्यांच्या बाबतींत आपण उशीर केला त्यांच्यासाठीं आनंदवन आणि तपोवन. ज्यांच्या बाबतींत अद्याप उशीर झालेला नाहीं त्यांच्यासाठीं वर्ध्याची त्रिसूत्री. पहिल्या मार्गाची गरज कमी होत जाणें हेंच दुसऱ्या मार्गाचें यश.

औषधाची कथाही सरळ रेषेंत गेली नाहीं. एकट्या डॅप्सोनला जंतु दाद देईनासे झाल्याचें १९६४ सालीं सिद्ध झालें. अखेर १९८२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एकाहून अधिक औषधें एकत्र देण्याची पद्धति सांगितली. रिफाम्पिसिन महिन्यांतून एकदां कार्यकर्त्याच्या देखत, आणि डॅप्सोन व क्लोफाझिमीन रोज. सौम्य रोगास सहा महिने, तीव्र रोगास त्याहून अधिक. आपल्या देशांत ही पद्धति ज्या आरंभीच्या जिल्ह्यांत राबविली गेली त्यांत वर्धा जिल्हा होता. हीं औषधें आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस असलेला धोका थोड्याच अवधींत नाहींसा होतो.

परंतु उपचारांतही दुःखशमनाचें प्रकरण निराळेंच राहतें. क्लोफाझिमीननें कातडी काळवंडते. त्या काळेपणावरून शेजारी ओळखतील या भीतीनें कित्येक रोगी गोळ्या सोडूं पाहतात. तो रंग पुढें हळूहळू निवळतो, हें त्यांना आधींच सांगितलें तर भीति ओसरते. औषध चालू असतां किंवा संपल्यावरही कधीं कधीं शरीर मेलेल्या जंतूंविरुद्ध बंड करून उठतें; चट्टे लाल होतात, मज्जातंतु सुजून ठणकतात, आणि रोग्याला वाटतें कीं औषधानेंच घात केला. अशा वेळीं गोळ्या न थांबवितां दाह शमविणारें औषध वेळेवर दिलें तर हातपाय वांचतात. उशीर झाला तर जंतु मरूनही हात लुळा पडतो. वेल्लोरच्या पॉल ब्रँड या शल्यवैद्यानें १९४७-४८ पासून स्नायुबंध फिरवून वांकड्या बोटांना पुन्हा पकड आणून दिली, आणि बधिर पायांसाठीं मऊ रबराचीं पायताणें हें औषधाइतकेंच महत्त्वाचें साधन आहे हें वैद्यांना पटविलें.

डिसेंबर २००५ मध्यें, राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरल्यामुळें, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. त्या वाक्याचा अर्थ पुष्कळांनीं ‘रोग संपला’ असा केला. तो संपलेला नाहीं. आजही जगांत दरवर्षीं सांपडणाऱ्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक आपल्या देशांत आहेत, आणि विदर्भाचे पूर्वेकडील जिल्हे त्यांतून वगळलेले नाहींत. शिवाय जे जंतुमुक्त झाले, त्यांतील अनेकांचे पाय बधिरच आहेत. त्यांना नवें औषध नको आहे. त्यांना रोज पाय पाण्यांत भिजविणें, घट्टे हलकेच घांसून काढणें, तेल लावणें, तळवा आरशांत पाहणें, आणि योग्य पायताण हवें आहे. दत्तपुरास १९३६ सालीं हेंच होत होतें. शोध सर्व लागले. गरम पाणी आणि फडकें यांची जागा कोणी घेतली नाहीं.

शेवटीं एक लहानशी गोष्ट सांगून हा लेख आटोपतों. सुश्रुतानें तुवरकाचें वर्णन केलें आहे तें कुष्ठाच्या अध्यायांत नव्हे, मधुमेहाच्या चिकित्सेच्या अध्यायांत. हा योगायोग मानावा, त्यावरून प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें असा निष्कर्ष काढूं नये. पण योगायोगही कधीं कधीं डोळे उघडतो. आज नागपुरांत घरोघर मधुमेहाचे रोगी आहेत, आणि त्या रोगांतही पायांची संवेदना जाते, न कळतां जखम होते, आणि ती चिघळून पाय कापण्याची पाळी येते. त्यांना वैद्य जें सांगतात तें हेंच: रोज तळवा पाहा, अनवाणी चालूं नका, मऊ पायताण घाला. ज्या माणसांना आपण वेशीबाहेर काढलें, त्यांच्या पायांवर कमावलेलें ज्ञान आज आपल्या माजघरांत आलें आहे.

तेव्हां ज्याला आपण परसदारच्या खोलींत बसविलें होतें, त्याचें आपल्यावर ऋण आहे. तें फेडण्याचा मार्ग अवघड नाहीं. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर असा फिकट चट्टा दिसला तर तो आपल्या घरांतला असो वा मोलकरणीच्या, लपवूं नये. जवळच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावा. आणि जो बरा होऊन परत येईल त्याला पूर्वींच्याच थाळींत वाढावें. रोगनाशाचें काम वैद्यकानें बव्हंशीं केलें आहे. दुःखशमनाचें काम वैद्यकाकडे कधींच संपूर्णपणें नव्हतें. तें आपल्याकडे होतें, आणि अद्याप आपल्याकडेच आहे.